जायबंदी खेळाडू आणि मोठा सामना : वैद्याने अनुमती कशाच्या आधारे द्यावी?

दिवाळी संपली, भातकापणी उरकली, की पेण आणि रोहा तालुक्यांतील गावागावांत कबड्डीची मैदाने तयार होऊ लागतात. माती चाळली जाते, पाणी मारून धुमसली जाते, प्रकाशझोतांचे खांब उभे राहतात आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत स्पर्धांचा क्रम सुरू राहतो. या काळात आमच्या चिकित्सालयांत येणाऱ्या तरुण रुग्णांची तक्रार बहुधा ठरलेली असते : गुडघा मुरगळला, घोटा सुजला, मांडी धरली, खांदा उतरला. तक्रारीमागून येणारा प्रश्नही तितकाच ठरलेला असतो : "परवा अंतिम सामना आहे, खेळू ना?"

हा प्रश्न वरवर साधा असला तरी त्याचे उत्तर देणे अत्यंत जबाबदारीचे आहे. उत्तर चुकीचे 'नाही' असेल, तर खेळाडूची वर्षभराची मेहनत वाया जाते. ते चुकीचे 'हो' असेल, तर कधीकधी पुढचे संपूर्ण आयुष्य लंगडत काढावे लागते. आमच्या भागातील बहुसंख्य कबड्डीपटू हे व्यावसायिक खेळाडू नव्हेत. कोणी धाटावच्या कारखान्यात पाळीने कामाला जातो, कोणी शेतात राबतो, कोणी गणपतीच्या कार्यशाळेत दिवसभर उकिडवा बसून मूर्ती घडवतो. त्यांच्या संसाराचे भांडवल म्हणजे त्यांचे शरीर. म्हणून या प्रश्नाला आपण वैद्यांनी शास्त्राचा कोणता निकष लावावा, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. औषधविक्रेत्या बंधूंशी संबंधित असा एक महत्त्वाचा मुद्दाही शेवटी मांडला आहे.

जिद्दीच्या कथा आणि त्यांचा अर्थ

खेळाडू व त्यांचे पाठीराखे असे प्रश्न विचारताना नेहमी थोरामोठ्यांचे दाखले देतात. हे दाखले खरे असतात. मात्र त्यांतून काढलेला निष्कर्ष बहुधा अपुरा असतो. त्यामुळे त्यांतील काहींचा चिकित्सकाच्या दृष्टीने विचार करणे उपयुक्त ठरेल.

२००२ च्या मे महिन्यात अँटिग्वा येथील कसोटी सामन्यात फलंदाजी करताना चेंडू लागून अनिल कुंबळे यांचा जबडा मोडला. तरीही डोक्याभोवती पट्टी बांधून ते मैदानात उतरले, सलग १४ षटके टाकली आणि ब्रायन लारा यांना बादही केले. त्यानंतर शस्त्रक्रियेसाठी ते मायदेशी परतले. हे धैर्य निःसंशय वंदनीय आहे. परंतु चिकित्सकाने येथे एक गोष्ट टिपावी. फिरकी गोलंदाजीचा भार पाय, कंबर, खांदा, मनगट व बोटे वाहतात. जबडा वाहत नाही. भग्न झालेला अवयव त्या कर्माच्या साखळीबाहेरचा होता, म्हणून वेदना असूनही कर्म अबाधित राहिले.

दुसरे उदाहरण १९८१ च्या फेब्रुवारीतील मेलबर्न कसोटीचे. सुनील गावसकर यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाने ऑस्ट्रेलियापुढे विजयासाठी १४३ धावांचे लक्ष्य ठेवले होते. मांडीच्या दुखापतीने त्रस्त असलेले कपिल देव शेवटच्या दिवशी वेदनाशामक घेऊन गोलंदाजीस आले, २८ धावांत ५ बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धावांत संपला. येथे दुखावलेला अवयव गोलंदाजीच्या साखळीतीलच होता. तरीही यश आले, कारण त्या दिवशीच्या खेळपट्टीवर चेंडू खाली राहत होता. अशा खेळपट्टीवर पूर्ण वेगाची गरज नव्हती. चेंडू यष्ट्यांच्या रेषेत टाकणे पुरेसे होते. खेळाची मागणीच कमी झाल्यामुळे उणे असलेले बलही पुरे पडले.

तिसरे उदाहरण आपल्या मराठी वाचकांच्या मनात अजून सलत असेल. ३१ जानेवारी १९९९ रोजी चेन्नई येथे पाकिस्तानविरुद्ध विजयासाठी २७१ धावा हव्या असताना भारताचे पाच गडी ८२ धावांत बाद झाले होते. पाठीच्या तीव्र वेदना सहन करीत सचिन तेंडुलकर यांनी १३६ धावा केल्या. ते बाद झाले तेव्हा विजयासाठी केवळ १७ धावा हव्या होत्या. परंतु उरलेले तीन गडी चार धावांत गेले आणि भारताला १२ धावांनी पराभव पत्करावा लागला. हा डाव पाठदुखी असतानाही मोठी कामगिरी होऊ शकते, याचा पुरावा आहे. मात्र त्याच डावातून हेही दिसते की, पाठ ज्या कर्मात सर्वत्र गुंतलेली आहे त्या कर्मात वेदना वेळ जाईल तशी वाढत जाते. फलंदाजाला कोणता फटका मारावा हे निवडण्याचे स्वातंत्र्य असते. कोणता टाळावा हेही तो ठरवू शकतो. म्हणून दुखऱ्या पाठीने इतका दीर्घ डाव शक्य झाला, आणि तरीही तो पूर्णत्वास गेला नाही.

चौथे उदाहरण फुटबॉलचे आहे व ते आपल्यासारख्या चिकित्सकांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. १७ मे २०१४ रोजी अ‍ॅटलेटिको माद्रिद संघाचा आघाडीपटू डिएगो कोस्टा याच्या मांडीच्या मागील मांसपेशीला इजा झाली. अवघ्या सात दिवसांनी लिस्बन येथे युरोपीय चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना होता. तो बेलग्रेड येथे जाऊन घोडीच्या वारेपासून केलेल्या द्रव्याने मर्दन करून घेऊन आला, अशा बातम्या तेव्हा जगभर प्रसिद्ध झाल्या. त्याला संघात घेतले गेले आणि नवव्या मिनिटाला तो मैदानाबाहेर आला. त्या काळी एका सामन्यात तीनच खेळाडू बदलता येत. त्यांतील एक बदल सुरुवातीलाच खर्ची पडला. सामना जादा वेळेत गेला आणि अ‍ॅटलेटिको ४-१ असे हरले. येथे दुखावलेली मांसपेशी ही धावण्याच्या कर्माचे मुख्य साधन होती आणि आघाडीपटूकडून खेळाची मागणी नेमकी वेगवान धावण्याचीच होती.

या चारही खेळाडूंत धैर्याची उणीव कोणाचीच नव्हती. फरक पडला तो दोन गोष्टींमुळे : दुखावलेला अवयव त्या खेळाच्या कर्मात किती गुंतलेला आहे, आणि त्या दिवशी खेळ त्या अवयवाकडून किती मागणार आहे. आमच्या मते वैद्याच्या निर्णयाचा गाभा हाच आहे. 'दुखते का?' हा प्रश्न दुय्यम असून 'खेळ ज्या अवयवाच्या आधारे चालतो तो अवयव स्थिर आहे का?' हा प्रश्न प्रमुख आहे.

कबड्डीचे वेगळेपण

फुटबॉल व कबड्डी यांत एक साम्य आहे, जे क्रिकेटमध्ये नाही. या खेळांत अवयवावर किती भार पडणार हे खेळाडू स्वतः ठरवत नाही, प्रतिस्पर्धी ठरवतो. चढाईपटू तीस सेकंदांच्या चढाईत कितीही जपून पाय टाकला, तरी कोपऱ्यातील रक्षकाने घोटा पकडला आणि दुसऱ्याने मांडीला मिठी घातली की पाय जमिनीवर रोवलेला व धड फिरलेले अशी अवस्था होते. याच अवस्थेत गुडघ्याच्या आतील बंध तुटतात. पकड करणाऱ्याच्या बाबतीत खांदा, मनगट व बोटे यांवर चढाईपटूचे संपूर्ण वजन वेगासह येते. म्हणून 'मी जपून खेळेन' हे आश्वासन कबड्डीपटूने दिले तरी त्यावर वैद्याने विसंबू नये. जपून खेळणे त्याच्या हाती नसते.

जागेनुसारही निर्णय बदलतो. करंगळीचे हाड दुखावलेला चढाईपटू बोटे बांधून खेळू शकेल; तीच दुखापत कोपरारक्षकाला निकामी करते, कारण त्याची पकड बोटांवर अवलंबून असते. उलट खांदा किंचित दुखावलेला मध्यरक्षक धोक्यात असतो. त्याच अवस्थेतील बोनसवर भर देणारा चढाईपटू काही अंशी खेळू शकतो. म्हणून रुग्णाला 'कोणत्या जागेवर खेळतोस?' हे विचारल्याशिवाय निर्णय देऊ नये.

'स्नायू' या शब्दाचा घोळ

येथे एका शब्दाकडे वैद्यमित्रांचे लक्ष वेधणे अगत्याचे वाटते. व्यवहारातील मराठीत 'स्नायू दुखावला' म्हणजे मांसपेशी दुखावली असा अर्थ होतो. संहितेत मात्र मांसपेशी व स्नायू हे भिन्न भाव आहेत. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात स्नायूंचे जे वर्णन केले आहे ते संधींना बांधून ठेवणाऱ्या बंधांना, म्हणजे आधुनिकांच्या लिगामेंट व टेंडन यांना, अधिक लागू पडते. अनेक फळ्या बंधांनी घट्ट बांधलेली नाव जशी पाण्यात भार वाहू शकते, तसे स्नायूंनी बांधलेले संधी शरीराचा भार वाहतात, असा त्यांचा दृष्टान्त आहे. धरमतरच्या खाडीकाठी राहणाऱ्या आम्हांला तो समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच ठिकाणी आचार्यांनी असेही स्पष्ट केले आहे की, अस्थी, पेशी, सिरा किंवा संधी यांच्या आघातापेक्षाही स्नायूंचा आघात शरीराला अधिक घातक ठरतो.

रुग्ण 'स्नायू दुखावला' म्हणतो तेव्हा तो मांसपेशीबद्दल बोलत आहे की संधिबंधाबद्दल, हे परीक्षणाने ठरवणे ही पहिली पायरी होय. मांसपेशीला भरपूर रक्तपुरवठा असतो. तिची सौम्य इजा एक ते तीन आठवड्यांत भरून येते. संधिबंधाचा रक्तपुरवठा तुलनेने अल्प असल्याने तो मंदगतीने भरतो, आणि गुडघ्याच्या आतील पुढचा बंध पूर्ण तुटल्यास तो आपोआप पूर्ववत सांधला जाईल यावर विसंबता येत नाही. अशा बंधाची शस्त्रक्रिया झाल्यावरही खेळात परतण्यासाठी साधारण नऊ महिन्यांची प्रतीक्षा आज आवश्यक मानली जाते.

मर्मविचारही येथे मार्गदर्शक ठरतो. एकशेसात मर्मांपैकी जानुमर्म हे वैकल्यकर आणि गुल्फमर्म हे रुजाकर सांगितले आहे. जानुमर्माच्या आघाताने खंजता, म्हणजे लंगडेपणा येतो. घोट्याची दुखापत तीव्र वेदना देते व लवकर घाबरवते. गुडघ्याची दुखापत कित्येकदा दोन दिवसांत शांत होते आणि नंतर कायमचे वैकल्य देऊन जाते. वेदनेच्या तीव्रतेवरून गांभीर्य ठरवू नये, हा धडा या वर्गीकरणातूनच मिळतो.

परीक्षणाचा क्रम

सामन्यापूर्वी आलेल्या खेळाडूचे परीक्षण आम्ही पुढील क्रमाने करतो. एका पायरीवर खेळाडू अडला की पुढची पायरी पाहावयाची नाही आणि अनुमतीही द्यावयाची नाही.

प्रथम सर्वथा वर्ज्य अशा अवस्था वगळाव्यात. डोक्यास मार लागून क्षणभरही शुद्ध हरपली असेल, आठवण पुसट झाली असेल, उलटी, चक्कर वा अंधारी येत असेल, तर खेळाचा विचारही करू नये. शिर हे त्रिमर्मांपैकी एक आहे. १९८१ च्या जानेवारीत सिडनी कसोटीत संदीप पाटील यांना ६५ धावांवर असताना कानाजवळ चेंडू लागून मैदान सोडावे लागले होते, आणि त्याच महिन्यात अ‍ॅडलेड येथे त्यांनी १७४ धावा केल्या. ही कामगिरी थोरच आहे. पण ती डोक्याच्या दुखापतीसाठी नियम ठरू शकत नाही. क्रिकेटमध्येही २०१९ पासून डोक्यास मार लागलेल्या खेळाडूऐवजी दुसरा खेळाडू घेण्याची तरतूद झाली आहे, यावरून काळाची दिशा समजते.

दुसरे, भग्नाची शंका दूर करावी. घोट्याच्या बाबतीत खेळाडूला चार पावलेही टाकता येत नसतील, अथवा दोन्ही बाजूंच्या घोट्याच्या हाडाच्या मागील कडेवर, पावलाच्या बाहेरील कडेच्या मधल्या उंचवट्यावर किंवा आतील बाजूच्या नौकाकार अस्थीवर दाबल्यास वेदना होत असेल, तर एक्स-रे काढल्याशिवाय कोणताही निर्णय देऊ नये. गावाकडे मार लागल्याबरोबर हाडवैद्याकडून जोराने मर्दन करून घेण्याची चाल अजूनही आहे. एक्स-रेपूर्वीचे असे मर्दन साध्या भग्नाचे स्थानभ्रष्ट भग्न करू शकते, हे खेळाडूंच्या व व्यवस्थापकांच्या मनावर बिंबवले पाहिजे.

तिसरे, संधीचे स्थैर्य पाहावे. दोन्ही बाजूंची तुलना करून संधी अधिक सैल लागतो का, हे पाहावे. मार लागला त्या वेळी गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला, काही तासांत गुडघा फुगला, आणि नंतर वळताना गुडघा 'निसटतो' असे खेळाडू सांगत असेल, तर आतील बंध तुटला आहे असे गृहीत धरून एम.आर.आय.साठी पनवेल वा मुंबईकडे पाठवावे. वेदना नसली तरीही अनुमती नाही.

चौथे, बलाची तुलना करावी. एका पायावर उभे राहणे, एका पायावर उंच उडी, एका पायावर लांब उडी असा क्रम घ्यावा. दुखावलेल्या पायाने निरोगी पायाच्या किमान नव्वद टक्के अंतर गाठता आले पाहिजे. दोन मीटर अंतराची टेप आणि मोकळी जागा एवढेच साहित्य लागते.

पाचवे, प्रत्यक्ष खेळाची परीक्षा घ्यावी. सरळ धावणे, वेगात असताना थांबणे, दोन्ही बाजूंना वळणे, पायाने स्पर्श करणे आणि सहकाऱ्याने घोटा धरला असता सुटण्याचा प्रयत्न करणे, या साऱ्या क्रिया पूर्ण वेगाने झाल्या पाहिजेत. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा वेदना वाढलेली नसावी. ही शेवटची अट महत्त्वाची आहे. म्हणूनच परीक्षा सामन्याच्या सकाळी न घेता किमान एक दिवस आधी घ्यावी.

काळाचे गणित

सुश्रुताचार्यांनी भग्नचिकित्सेत संधिस्थैर्याचा काळ वयानुसार सांगितला आहे : पहिल्या वयात एक महिना, मध्यम वयात दोन, उत्तर वयात तीन. वीस-बावीस वर्षांचा खेळाडू तरुण आहे म्हणून त्याला एक महिना पुरेल, असे आपण सहज समजतो. परंतु त्यांच्याच वयोविभागानुसार सोळाव्या वर्षानंतर मध्यम वय सुरू होते. तेव्हा आमच्या मते अशा खेळाडूस दोन महिन्यांचा काळ लागू होतो. आधुनिक अनुभवही याच्याशी विसंगत नाही.

भग्नरुग्णास व्यायाम, आतप, तसेच लवण, कटु, अम्ल, क्षार व रूक्ष आहार वर्ज्य सांगितला आहे. बंध फार सैल असेल तर संधी स्थिर होत नाही आणि फार घट्ट असेल तर शोफ, रुजा व पाक होतो, हेही तेथेच सांगितले आहे. सामन्यासाठी घोट्याला करकचून पट्टी बांधून मैदानात उतरणाऱ्या खेळाडूला हे ऐकवावे.

पहिल्या दोन-तीन दिवसांतील उपचारांतही आपण संहितेच्या क्रमाने जावे. ताज्या अभिघातात शीत परिषेक आणि मंजिष्ठा, मधुक, रक्तचंदन व शालिपिष्ट यांचा शतधौत घृतातील लेप सांगितला आहे. आपल्याकडे घरोघरी आंबेहळद व रक्तबोळाचा लेप लावला जातो, तोही योग्य वेळी उपयुक्त आहे. मात्र ताज्या सुजेवर तीव्र उष्ण स्वेदन आणि जोराचे मर्दन टाळावे. स्नेहन-स्वेदन, दशमूलसिद्ध प्रयोग, लाक्षादी गुग्गुळ, अस्थिशृंखला ही पुढील अवस्थेची साधने होत. ती धातूच्या संधानास साहाय्य करतात. काळाला ओलांडत नाहीत. 'चार दिवसांत उभा करा' या आग्रहाला कोणतेही तेल वा गुग्गुळ उत्तर देऊ शकत नाही, आणि तसे आश्वासन आपण देऊ नये.

वेदनाशमन म्हणजे अनुमती नव्हे

आता आपल्याच शास्त्राशी संबंधित एका नाजूक मुद्द्याकडे येऊ. वेदनाशामक इंजेक्शन देऊन खेळाडूस मैदानात उतरवणाऱ्यांवर आपण टीका करतो. परंतु अग्निकर्म व विद्धकर्म यांनीही अनेक रुग्णांची वेदना तत्काळ उतरते. हा आपल्या चिकित्सेचा गौरव आहे. सामन्याच्या आदल्या दिवशी मात्र हाच गुण दोष ठरू शकतो. वात शमला, वेदना गेली, खेळाडू आनंदाने उड्या मारू लागला. तथापि फाटलेली पेशी वा ताणलेला स्नायू तसाच आहे. वेदना हा शरीराचा राखणदार आहे. त्याला झोपवून घराचे दार उघडे टाकणे योग्य नव्हे, मग झोपवण्याचे साधन सुई असो वा शलाका.

म्हणून आम्ही एक मर्यादा पाळतो. सामन्यापूर्वी केलेल्या कोणत्याही त्वरित वेदनाहर कर्मानंतर त्याच दिवशीच्या परीक्षेवरून अनुमती द्यावयाची नाही. कर्मानंतर किमान दोन दिवस जाऊ द्यावेत, मग परीक्षण करावे. जुनाट टाचदुखी वा कोपरदुखीसारख्या विकारांत, जेथे संधी स्थिर आहे आणि केवळ वेदनेमुळे बल उणावले आहे, तेथे या कर्मांचा खेळाडूंना खरोखर लाभ होतो. अस्थिर संधीत मात्र ती निषिद्ध समजावीत.

तेंडुलकर यांच्याच चरित्रातील पुढचा भाग येथे आठवावा. कोपराच्या विकाराने त्यांना २००४ पासून त्रस्त केले होते. २००५ च्या मे महिन्यात लंडन येथे शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर काही महिने ते खेळापासून दूर राहिले आणि ऑक्टोबरमध्ये नागपूर येथे श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा करून परतले. पुढे ते २०१३ पर्यंत खेळले. चेन्नईचा डाव लोक सांगतात. ही महिन्यांची प्रतीक्षा कोणी सांगत नाही. आमच्या तरुण रुग्णांना आम्ही दोन्ही सांगतो.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

पेण-रोह्यातील खेळाडू आता केवळ गावच्या मैदानापुरते राहिलेले नाहीत. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून जिल्हा, राज्य व राष्ट्रीय स्तरावर जाण्याची आकांक्षा प्रत्येक तालुक्यात आहे. या स्तरावर उत्तेजक द्रव्यांची चाचणी होऊ शकते. भारतात यासाठी २०२२ मध्ये स्वतंत्र कायदाही झाला आहे. शरीरात निषिद्ध द्रव्य सापडले की ते कसे आले याची जबाबदारी खेळाडूवरच येते. 'आयुर्वेदाचे औषध होते' ही सबब पुरेशी ठरत नाही.

कुचल्यातील स्ट्रिकनिन हे द्रव्य जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी व कुचला असलेले अन्य वातनाशक कल्प आपण वेदनेत सहज देतो. शोधनाने त्याचे प्रमाण घटते, नाहीसे होत नाही. सोमलतेतील एफेड्रिन ठरावीक मर्यादेपलीकडे आणि विजयायुक्त कल्पांतील मादक द्रव्य स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. आधुनिक औषधांपैकी ट्रॅमाडॉल १ जानेवारी २०२४ पासून, तर इंजेक्शनद्वारे दिलेली स्टिरॉइड २०२२ पासून स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत. त्यामुळे घटकद्रव्ये न छापलेली 'सांधेदुखीची पुडी' खेळाडूस कधीही देऊ नये. अशा पुड्यांत स्टिरॉइडची भेसळ असण्याचा धोका असतो. ती शरीरालाही अपायकारक ठरते आणि खेळाडूच्या नावालाही.

दुकानात आलेल्या तरुणाला 'खेळतोस का? कोणत्या स्तरावर?' एवढे दोन प्रश्न विचारले, पावतीवर कल्पाचे नाव व बॅच क्रमांक लिहून दिला, आणि शंका वाटल्यास वैद्याकडे पाठवले, तर विक्रेत्याने आपले कर्तव्य पूर्ण केले असे होईल.

निष्कर्ष

जायबंदी खेळाडू मोठ्या सामन्यात प्रभावी ठरू शकतो का, या प्रश्नाचे उत्तर 'कधीकधी, आणि अटींसह' असे आहे. दुखावलेला अवयव खेळाच्या कर्माबाहेरचा असेल; अथवा मांसपेशीची सौम्य इजा पूर्ण भरून आली असेल; संधी स्थिर असेल; दोन्ही बाजूंचे बल जवळपास समान असेल आणि पूर्ण वेगाच्या परीक्षेनंतर दुसऱ्या सकाळी सूज नसेल, तर त्याला आनंदाने खेळू द्यावे. शंकेने ग्रासून निष्कारण नकार देणे हेही वैद्याला शोभणारे नाही. पण संधी अस्थिर असेल, डोक्यास मार असेल, भग्नाची शंका असेल, अथवा केवळ वेदनाशमनाच्या जोरावर तो उभा असेल, तर ठामपणे 'नाही' म्हणावे. असा खेळाडू संघालाही उपयोगी पडत नाही; नवव्या मिनिटाला बाहेर आलेला आघाडीपटू हेच सांगतो.

हे 'नाही' ऐकवताना एकट्या खेळाडूला बोलावू नये. संघाचा व्यवस्थापक आणि घरातील एखादी वडीलधारी व्यक्ती यांना समोर बसवावे. मैदानावरचा आग्रह बहुधा खेळाडूचा नसतो. तो भोवतालच्यांचा असतो. निर्णय लेखी द्यावा, पुन्हा कधी तपासावयाचे ती तारीख त्यात घालावी. तारीख मिळाली की नकारही खेळाडूला सोसतो, कारण त्याला परतीची वाट दिसते. रायगडच्या मातीत पुढच्या वर्षीही मैदाने धुमसली जाणार आहेत. त्या मातीत उतरण्यासाठी त्याचे दोन्ही गुडघे शाबूत राहावेत, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.